परातीतली कीड

"निघाली! निघाली!" असा गलका उठला आणि मांडवातली सगळी माणसं एकदम पुढं लोटली. पितळी परातीतल्या पाण्यावर पांढऱ्या, वळलेल्या, करड्या डोक्यांच्या अळ्या तरंगत होत्या. थोड्या वेळापूर्वी त्याच परातीत स्वच्छ पाणी होतं, हे सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. समोर बसलेला माणूस छातीवरून हात फिरवत म्हणाला, "हलकं वाटतंय राव!" बायकांनी हात जोडले. मोबाइल वर झाले.

चाकणच्या कारखान्यांना लागून असलेल्या अर्जुनरावांच्या मोकळ्या प्लॉटवर हा मांडव पडला होता. वार गुरुवार, म्हणजे इथल्या कंपन्यांच्या सुट्टीचा. कृमिनाथ महाराजांची शक्तीही नेमकी गुरुवारीच जागी व्हायची. दैवी शक्ती साप्ताहिक सुट्टीच्या वेळापत्रकानं चालते, हे आम्हाला या मांडवात कळलं.

साधना ओल्या पोत्यातलं लांबट गाठोडं धरून मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिचा नवरा सुजित रांगेत पुढून तिसरा होता. त्याच्या शर्टाच्या खिशात क्षयाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. आज ते पाकीट तो महाराजांच्या पायांवर वाहणार होता.

दोघंही जवळच्या पॅलेट कंपनीत कामाला होते. परदेशी पाठवायचा माल ज्या लाकडी चौकटींवर ठेवतात, त्या तिथं बनायच्या. सुजित लाकूड उतरवायचा आणि साधना भट्टी सांभाळायची. पाइनचं लाकूड भट्टीत आतल्या गाभ्यापर्यंत तापवल्याशिवाय त्यावर शिक्का बसत नाही आणि शिक्क्याशिवाय परदेशात ते कुणी उतरवून घेत नाही. का, ते समजावायला कंपनीनं एकदा पडद्यावर फिल्म दाखवली होती. काही देशांतली पाइनची जंगलं एका कृमीनं वाळवली आहेत. कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब, केसाहूनही बारीक. झाडाचं पाणी वर चढणंच तो बंद पाडतो. त्या कृमीच्या अंगावर आणि पोटात जिवाणूही राहतात. झाड मारण्यात त्यांचा हात किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

पण पडद्यावर तो कृमी सापाएवढा दिसला होता. हमाल मंडळी त्या दिवसापासून फळी उचलताना तोंड फिरवू लागली. त्यातच सुजितला खोकला लागला, वजन उतरलं, तपासणीत क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले क्षय, यार्डातले हमाल म्हणाले फळीतली कीड. आणि ही कुजबुज जिथं पिकली तिथंच महाराज येऊन टपकले.

"झाडात किडा!" महाराज गरजले. "किड्यात जंतू! आणि जंतूत वासना! डॉक्टर जंतूपाशी थांबतो. वासनेपर्यंत कोण जाणार?"

"महाराऽज!" मांडव ओरडला.

"गोळ्या खाता आणि लघवी लाल होते. होते की नाही? अरे, ते तुमचं रक्त चाललंय!"

हे ऐकून सुजितनं खिशातलं पाकीट बाहेर काढलं. त्या गोळ्यांनी लघवीला तांबूस रंग येतो, घाबरू नका, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण दहा मिनिटांत नंबर उरकणाऱ्या दवाखान्यातलं बोलणं कुणाच्या लक्षात राहतं? मागच्या गुरुवारी हेच ऐकल्यापासून त्यानं गोळीला हात लावला नव्हता. साधनानं विनवलं, ती भांडली, रडलीसुद्धा. तिच्या सासूबाई दुर्गाबाई औशाहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, डोळ्यानं दिसलालंय की कीड निघालेली. गोळीनं काय निघालं ते दाव बरं मला."

 साधनाला यावरचं उत्तर सुचलं ते भट्टीपाशी. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती थंड, रिकाम्या भट्टीत तापमापकाचा काटा बघायची. थंड भट्टीतही काटा गरम दाखवत असेल, तर काटा खोटा. मग दिवसभर तो काय दाखवतो याला काडीची किंमत नाही. महाराजांचा काटा थंड भट्टीत कुणी पाहिलाच नव्हता.

"महाराज," साधना पुढं झाली.  "माझ्या मालकांच्या आधी ही फळी घ्या. ह्यांच्या ढिगातली आहे. हिच्यातूनच ह्यांना बाधा झाली म्हणतात."

कीड उडून पोराबाळांना लागू नये म्हणून फळी ओल्या पोत्यात गुंडाळून आणायची, हा महाराजांचाच नियम होता. तिनं तसंच आणलं होतं. महाराज खूश झाले. परातीतल्या पाण्यात वीट होतीच. विटेवर निखारे ठेवले, निखाऱ्यांवर तेलकट काळी गोळी टाकली, वरून मडकं उपडं घातलं. मडक्याच्या बुडातल्या भोकात वेळूची नळी होती. तिचं टोक पोत्याला टेकवून महाराजांनी डोळे मिटले. नळीतून भसाभसा धूर निघाला.

"येतेय... मोठी आहे... सातासमुद्रापलीकडची आहे..."

मडकं उचललं. पाण्यावर ढीगभर अळ्या!

"बघा! या फळीनं तुझा नवरा खाल्ला असता, बाई!"

साधनानं पोतं सोडलं. आतून लोखंडी चौकोनी पाइप खणकन जमिनीवर पडला.

 अर्जुनराव खुर्चीतून उठले. प्लॉट त्यांचा, मांडव त्यांचा, पहिल्या दिवशी छातीला नळीही त्यांनीच लावून घेतली होती. ते वाकून पाइपावर बोटानं टकटक करून बघायला लागले. "आरं, ह्ये तर लोखंड हाय! लोखंडाला कवापास्नं कीड लागाया लागली?"

"सूक्ष्म रूपानं!" महाराज गडबडीनं म्हणाले. "कीड हवेतून ओढली गेली! पोत्यातून आली! संशयी बाईच्या..."

"थांबा वं महाराज." या खेपेस पुढच्या रांगेत बसलेल्या दुर्गाबाई बोलत होत्या. महाराजांच्या आसनाशेजारची काळी गोळी त्यांनी उचलली होती आणि चिमटीत चुरून बघत होत्या. तेलातून चपट्या, बारीक बिया वेगळ्या झाल्या. "ही रिंगणी हाय की! काट्याची रिंगणी. आमच्या बांधावर पिवळी फळं यायची हिला." त्यांचा हात थांबला. "मी लहान असताना दात किडला, तवा एका बाईनं हिचीच धुरी दिली होती मला. परातीत अशाच अळ्या पडल्या. साठ वर्सं मला वाटलं, त्या माझ्या दातातल्या हाईत."

आता अर्जुनरावांना राहवेना. नवे निखारे आणवले, दुर्गाबाईंच्या हातातल्या बिया त्यावर टाकल्या, मडकं झाकलं आणि नळीचं तोंड त्यांनी सरळ स्वतःच्या जीपच्या बॉनेटला धरलं. मडकं उचललं, तर जीपलाही भरपूर कीड लागलेली! मांडवात पहिलं हसू फुटलं आणि मग आवरेना.

साधनानं एक अळी तळहातावर घेतली, नखानं सोलली. करडं डोकं म्हणजे बीचं फुटकं टरफल. पांढरं अंग म्हणजे बीच्या पोटात वळून बसलेला कोंब. बी तापली की फुटते, कोंब बाहेर उडतो आणि मडक्याखालच्या पाण्यात पडतो. पाणी कोमट असतं, हलतं, म्हणून अळी वळवळल्यासारखी वाटते. नळीचं तोंड कुठं आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही.

"आणि खरा कृमी असा परातीत दिसतच नाही," ती म्हणाली. "त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. तो पाइनच्या झाडात जगतो, माणसात नाही. आणि आपल्या भट्टीतून निघाल्यावर तर तो लाकडातही उरत नाही."

महाराज चपला शोधत होते. अर्जुनरावांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा, महाराज. जादूटोण्याचा कायदा हाय म्हनं. पोलीस येईस्तोवर जीपची कीड मोजा."

सगळे हसले. सुजित मात्र हसला नाही. तो पाकीट हातात घट्ट धरून उभा होता. "साधना, मग माझ्या छातीतलं अजून आतच आहे?"

"हो," ती म्हणाली. खोटा धीर द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

त्या दोघांनी दुपारीच दवाखाना गाठला. डॉक्टर रागावले. मध्येच गोळ्या सोडल्या की जंतू निर्ढावतात, हे त्यांनी या वेळी सावकाश सांगितलं. थुंकी पुन्हा तपासायला घेतली. निकाल यायला वेळ होता आणि तेवढे दिवस साधनाला ना भट्टीपाशी चैन पडलं, ना मोशीतल्या भाड्याच्या खोलीवर. 

वाचकहो, महाराजांनी तुम्हा-आम्हाला भरली परात दाखवली, म्हणून आपण भुललो. औषध असं काही दाखवत नाही. पण त्याचा गुण तपासला जातो, रोग्याचं वजन होतं, थुंकी काचेवर घेतात, आणि गुण नसेल तर तसंही लिहून मिळतं. उद्या कुणी तुमच्या अंगातून काहीही काढून दाखवलं, तर एवढंच करा. आधी तेच लोखंडातून काढायला सांगा. निघालं, तर ते ढोंग समजा; आणि काहीही झालं तरी हातातलं औषध टाकू नका.

निकाल आला. गोळ्या अजून लागू पडत होत्या. पूर्ण मुदत घ्यायची होती, एकही दिवस न चुकवता. त्या संध्याकाळी सुजितनं गोळी तळहातावर घेतली आणि तो नेहमीसारखा थबकला. दुर्गाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"गिळ बाबा," त्या म्हणाल्या. "मला आता काई दावू नकोस. मी बघितलंय बक्कळ."