इंजिन थंड होईस्तोवर

सौंसरच्या आयटीआयमध्ये मी अठ्ठावीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. हजारभर पोरं हाताखालून गेली असतील. त्यातली अर्धी आजही मले पाहून रस्ता बदलतात. मुकुंद सर म्हणजे भारी तापट, हे साऱ्या तालुक्याले माहीत आहे, आन् ते खोटं नाही. चुकलेल्याले चुकला म्हणून सांगायची मले कधी लाज वाटली नाही. पण आता घरात चुकायलेच कोणी नाही. माझी बायको रजनी दीड वर्षापासून पुण्याले आहे, आमच्या पोरीकडे, केतकीकडे, नातीले सांभाळायले. मी दोनदा जाऊन पाहिलं. दुसऱ्या खेपेले आठव्या दिवशी सोसायटीच्या चौकीदाराशी पार्किंगवरून भांडलो, तवा जावईबापू हळूच म्हणाले, "बाबा, तुम्हाला तिकडंच करमतं." करमते कुठं? पण आलो परत.

तर मले केशवच्या व्हॅनची गोष्ट सांगायची आहे. केशव बोरगावचा, संत्र्याच्या बागेवाला, सहावीपासून माझ्या बाकावरचा. त्याच्यापाशी जुनी मॅटडोर, त्याच्या बापानं अठ्ठ्याऐंशी साली घेतलेली. संत्र्याचे कॅरेट वाहून वाहून तिचं इंजिन इतकं थकलं होतं, की छिंदवाड्याच्या घाटात मागून बैलगाडी आली तरी साइड द्यावी लागंन. मागच्या साली उन्हाळ्यात तो घरी आला आन् म्हणाला, "मुकुंदा, देऊन टाकू का भंगारात?"

"भंगारात तू जा," मी म्हटलं. "हिच्यात आपण टर्बोचं इंजिन टाकू."

टर्बो म्हणजे काही जादू नाही. सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर फिरणारा एक पंखा असतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आन् तेवढ्याच इंजिनाले दीडपट जोर येतो. नागपूरच्या भंगारबाजारातून असं इंजिन यशवंतरावांनी हुडकून आणलं. यशवंतराव सावरगावचे, बस चालवून रिटायर झालेले, केशवचे लांबचे सोयरे. डाव्या भुवईवर पोळ्यानंतरच्या गोटमारीच्या जत्रेत लागलेल्या गोट्याची खूण आहे, ती ते मेडल असल्यासारखी दाखवतात. एका पिकअपचा पुढचा भाग चेंदामेंदा झाला होता, पण इंजिन शाबूत. गिअरबॉक्ससकट उचललं.

माझ्या आवारात लिंबाखाली लोखंडी पाइपांची तिपाई उभी केली, तिले चेनकप्पी टांगली, आन् जुनं इंजिन वर ओढून काढलं. नवं बसवायले घेतलं तर चार बोटं उंच. मॅटडोरमध्ये इंजिन दोन सीटांच्या मधात असते, वरून झाकण. ते झाकणच लागेना. केशवनं घरची गहू ठेवायची जुनी कोठी कापून तिच्या पत्र्याचं नवं झाकण केलं. त्याची बायको, मनकर्णा वहिनी, त्याच्याशी आठ दिवस बोलत नव्हत्या, पण डबा तिघांचा पाठवत होत्या. दुपारी पातोडीचा रस्सा, भाकर, कांदा. यशवंतराव खाता खाता प्रत्येक बसस्टँडची एक भानगड सांगत. मी दोघांवर दिवसभर ओरडे, पाना उलटा काऊन धरला, नट जमिनीवर काऊन ठेवला. ते हसत, आन् पुन्हा जमिनीवरच ठेवत.

एक गोष्ट आजवर कोणाले सांगितली नाही. ते काम चार आठवड्यांचं होतं, मी सहा लावले. ज्या पट्ट्यांवर इंजिन बसते, त्या मी मुद्दाम दोनदा तोडून पुन्हा वेल्ड केल्या. म्हटलं, अलायनमेंट बरोबर नाही. चांगलं पक्कं होतं अलायनमेंट. पण गाडी सुरू झाली असती तर लिंबाखाली पुन्हा मी एकटाच उरलो असतो, आन् ते मले नको होतं.

शेवटी सुरू करावीच लागली. पहिल्याच दिवशी तिघं घाट चढून आलो, तिसऱ्या गिअरमध्ये. यशवंतराव मागं कॅरेटवर बसून हात जोडून होते. परत येऊन दारात थांबलो तसा केशवचा हात चाबीवर गेला. मी तो धरला.

"हात काढ. टर्बोचा पंखा मिनिटाले लाखभर फेरे घेते. त्याच्या बेअरिंगले तेल इंजिनकडून जाते. गरम गाडी एकदम बंद केली का तेल थांबते, पंखा फिरतच राहते, आन् आतल्या आत जळते. म्हणून थांबल्यावर दोन मिनिट इंजिन चालू राहू द्यायचं. मंग चाबी."

"दोन मिनिट करायचं काय?"

"बसायचं."

मी डॅशबोर्डवर पांढऱ्या पेंटनं लिहूनच दिलं, *दोन मिनिट थांब*. त्यानंतर केशव दर बाजाराच्या दिवशी माझ्या दारात गाडी लावे. मी हॉर्न ऐकून बाहेर येऊन त्याच्या बाजूच्या सीटवर बसे. मधात कोठीच्या पत्र्याचं झाकण, कोमट. ते दोन मिनिट कोणालेच कुठं जाता येत नसे. बागेचं बोलणं निघे, रजनीचा फोन आला का, गुडघे कसे आहेत. दोन मिनिटाचा कधी कधी अर्धा तास होई, मंग मीच खेकसे, "बंद कर बे, डिझेल का फुकट येते?"

दिवाळीनंतर संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू होती तवा गाडी माझ्या दारात आली ती पांढरा धूर ओकतच. संगं तीन मजूर आन् केशवचा पोरगा अंकुर, नागपूरहून सुटीत आलेला. मी पाइप खोलला, टर्बोच्या पंख्याले बोट लावलं. पंखा पडायले आलेल्या दातासारखा हालून राहिला होता.

"थांबतो का नाही दोन मिनिट?"

"थांबतो नं. घडी पाहून," केशव म्हणाला.

अंकुरच मधात बोलला, बिचारा साध्या मनानं. "काका, दारात थांबतात बाबा. पण छिंदवाड्याहून येताना घाटाचा उतार लागला की न्यूट्रल करून चाबी बंद करतात. डिझेल वाचतं म्हणून."

माझं डोकंच फिरलं. सहा आठवडे लिंबाखाली गाळलेला घाम त्या पंख्यात होता. उचलली जीभ आन् लावली टाळूले. "अरे, तुझ्या हाती कासरा द्यायचा, चाबी नाही. मॅट्रिकमध्ये दोनदा काऊन नापास झाला ते आज समजलं मले. डोक्यात कांदेच भरले आहेत तुझ्या." मजूर पाहून राहिले होते. अंकुर पाहून राहिला होता.

केशवनं कापडाले हात पुसले. तो काही बोलंन म्हणून मी थांबलो, कारण मले आणखी बोलायचं होतं. तो फक्त "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी दोर बांधून नागपूरले नेली, असं समजलं. तिथल्या कोण्या मेकॅनिकनं नवा टर्बो टाकला. माझ्या इंजिनाले दुसऱ्याचा हात लागला.

त्यानंतर बाजाराचे दिवस आले आन् गेले. मी नेमका त्या वेळी ओट्यावर काहीतरी काढून बसे, कधी पाने पुसणे, कधी तुरीच्या शेंगा सोलणे. मॅटडोर रस्त्यानं जाई. तिचा आवाज मी झोपेतही ओळखीन, टर्बोची शिटी आन् त्याखाली कोठीच्या पत्र्याची खडखड. दारासमोर येऊन ती शिटी कमी होत नसे. रजनी फोनवर विचारे, "केशवभाऊ येऊन गेले?" मी म्हणे, "येऊन गेला." असं मी दहा महिने बायकोशी खोटं बोललो. चिमणी वाळत घातलेल्या ज्वारीवर बसली तरी तिच्याशी बोलत होतो, इतका एकटा पडलो होतो मी. पण बोरगावचा फोन लावला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझंच.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याले गोटमार झाली, आन् तिसऱ्या दिवशी यशवंतराव माझ्याकडं आले, पोळ्याच्या करंज्या घेऊन. चहा पेता पेता म्हणाले, "मुकुंदराव, आमी सावरगाववाले आन् ते पांढुर्णावाले, नदीच्या दोन काठांवरून दिवसभर एकमेकाले गोटे मारतो. संध्याकाळी ज्यानं डोकं फोडलं त्याच्याच घरी हळद लावून घेतो. तुमी दोघं एका शब्दावर वर्ष काढून राहिले."

"चूक त्याची होती. जित्याची खोड आहे त्याची, मेल्याशिवाय जाणार नाही."

"खोड त्याची खरी. लावली कोनं?" यशवंतरावांनी कप खाली ठेवला. "केशवराव मले म्हने, घाटात चाबी बंद करायले मुकुंदानंच शिकवलं. गाडी नवी होती तवा. म्हने, त्याले आठवत नसंन."

मले आठवलं. ते बोलत होते तवाच आठवलं. अठ्ठ्याऐंशी साल, आम्ही पंचविशीतले, गाडीले अजून झेंडूचा हार. केशवले गाडी येत नव्हती, मी शिकवत होतो. घाटाच्या तोंडाशी मीच म्हटलं होतं, "न्यूट्रल कर, चाबी बंद. उतारावर डिझेल कायले जाळतं?" इंजिन बंद झालं आन् एकदम सारं शांत झालं, फक्त टायरचा आवाज. आम्ही दोघं खालपर्यंत गाणी म्हणत आलो. पस्तीस-छत्तीस वर्षं तो माझं शिकवलेलं पाळत होता. आन् पोरासमोर मी त्याले नापास म्हटलं तवा हे एक वाक्य त्याच्यापाशी तयार होतं, तरी त्यानं ते बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसनं बोरगावले गेलो. स्टॉपवरून त्याची बाग दिसते. चुकलो म्हणायचं कसं, याचा मले सरावच नव्हता. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलं होतं. स्टॉपच्या ओट्यावर पाऊण तास बसलो. मंग सौंसरची बस आली, तिच्यात चढलो. कंडक्टर माझाच विद्यार्थी निघाला, त्यानं तोंड फिरवलं.

आठ दिवसांनी सकाळी मी कपडे वाळत घालत होतो, तवा शिटी ऐकू आली. या वेळी ती दाराशी येऊन कमी झाली. हॉर्न वाजला नाही. गाडी दारात उभी, इंजिन चालू. केशव स्टेअरिंगवर, समोर पाहत. उतरत नव्हता. माझ्या हातात ओला टॉवेल होता, तो तसाच घेऊन मी गेलो आन् त्याच्या बाजूच्या सीटवर चढून बसलो.

केशव घडीकडं पाहून राहिला होता.

"डोळ्याचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "डॉक्टरनं गाडी चालवणं बंद करायले सांगितलं. अंकुर म्हणते, आता नागपूरलेच राहा. बाग ठेक्यानं दिली. गाडी पांढुर्ण्याच्या एका माणसानं घेतली, तो आता इथंच येऊन राहिला न्यायले. मीच म्हटलं, मुकुंदाच्या दारातून घेऊन जा."

"तू केव्हा जातं?"

"उद्या."

मी पत्र्याच्या झाकणावर हात ठेवला. कोमट होतं. बोललो ते झाकणाकडं पाहूनच. "घाटात चाबी बंद करायले मीच शिकवलं होतं, केशव. मी विसरलो. तुले पोरासमोर बोललो ते मीच नापास होतो म्हणून. माफ कर."

"मले काही लागलं नव्हतं," केशव म्हणाला. मंग म्हणाला, "लागलं होतं. पण तू येशीन असं वाटत होतं."

"आलो होतो. स्टॉपवरून परत गेलो."

तो हसला, माझ्याकडं न पाहता. रस्त्याच्या टोकाले एक माणूस मोटरसायकलवरून उतरून आमच्याकडं पाहत उभा राहिला. केशवनं घडी पाहिली. पूर्ण दोन मिनिट झाले होते, सेकंदही कमी नाही, माझ्या कोण्याच विद्यार्थ्यानं इतकं नेमकं कधी पाळलं नाही. त्यानं चाबीले हात घातला.

"थांब," मी म्हटलं. "अजून थंड नाही झालं."

"दोन मिनिट झाले नं, मुकुंदा."

"मी सांगून राहिलो नं. थंड नाही झालं."

इंजिन केव्हाचं थंड झालं होतं. बोरगावहून सौंसर ते काय, गाडी तापतही नाही. हे त्यालेही माहीत होतं. केशवनं चाबीवरचा हात काढला, मांडीवर ठेवला, आन् आम्ही बसून राहिलो.