झोपण्यास सक्त मनाई

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. हमरस्त्याच्या कडेला प्रवाशांसाठी विसाव्याची जागा आहे ना, तिच्या तोंडाशीच मी दोन लोखंडी पायांवर उभा आहे. माझ्या मागे पाण्याचे नळ आहेत, चार बाकं आहेत आणि ट्रक ओळीने उभे राहतील एवढं मोठं आवार आहे. माझ्या अंगावर काय लिहायचं, हे मला कधी कोणी विचारलं नाही. पण आज सांगायची पाळी माझी आहे, आणि मी काही हातचं राखून सांगणार नाही.

एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या रंगाऱ्याने मला पिवळा रंग दिला आणि काळ्या अक्षरांत लिहिलं, ‘वाहन दोन तासांपेक्षा जास्त वेळ उभे करू नये. रात्री वाहनात झोपण्यास सक्त मनाई. हुकुमावरून.’ ‘सक्त’ हा शब्द काही केल्या ओळीत मावेना. तो दाटीवाटीने बसवता बसवता रंगारी मालकाला म्हणाला, “विसाव्याच्या जागी झोपायचं नाही, तर करायचं तरी काय?”

“तू आपला रंग दे,” मालक म्हणाला.

मला उभं केलं तेव्हा माझं भारी कौतुक झालं. मी लांबूनही वाचता येतो म्हणून रस्ते खात्याचे साहेब खूश होते. अक्षरं ठळक असली की माणसांचे डोळे उघडे राहतात, असं त्यांना वाटत असावं.

इथला पहारेकरी पोराबाळांचा धनी होता, मनाने वाईट नव्हता. पण दिवेलागण झाली की काठी घेऊन निघायचा आणि प्रत्येक ट्रकचं दार ठोकायचा. “चला, उठा, गाडी काढा!” कोणी हातापाया पडलं की काठी माझ्याकडे करायचा. “मी काय करू? फलक वाचा.” दोष सगळा माझ्या माथी! चालक डोळ्यांवर पाणी मारायचे, मला चार शिव्या हासडायचे आणि निघून जायचे.

एकदा त्याने असंच एका लाल ट्रकच्या चालकाला उठवलं. दोन दिवस गाडी चालवून तो बिचारा सीटवर आडवा झाला होता. “घटकाभर पडू द्या हो,” म्हणाला. नाही पडू दिलं. पुढच्या वळणावर त्याचा डोळा लागला आणि ट्रक खड्ड्यात गेला. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा निकामी झाला. बातमी कळली तेव्हा पहारेकरी जेवला नाही. दुसऱ्या संध्याकाळी काठी मात्र पुन्हा हातात होती. नोकरी होती ना.

काही महिन्यांनी तोच लाल ट्रक डागडुजी होऊन परत आला. चालवत होती चालकाची बहीण. आधी ती शाळेची गाडी चालवायची. भाऊ घरी बसल्यावर तिने ट्रक हाती घेतला होता. अंधार पडू लागला तसं पहारेकऱ्याने तिचं दार ठोकलं.

“ताई, वेळ संपली. गाडी काढा.”

ती खाली उतरली. डोळे लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता. “काका, माझ्या भावाला तुम्ही इथूनच उठवलं होतं.”

पहारेकऱ्याची मान खाली गेली. “नियम आहे, ताई.”

“बरं. मग ही घ्या किल्ली. तुम्हीच चालवा.”

“मला कुठे येतं चालवता?”

“झोपेत मला तरी कुठे येतं?”

असं म्हणून तिने किल्ली माझ्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली, ट्रकमध्ये चढली आणि चादर डोक्यावरून ओढून झोपली. शेजारच्या टँकरवाल्याने हे पाहिलं. तोही आला आणि किल्ली अडकवून गेला. मग तिसरा आला, चौथा आला. खिळा पुरेना, तेव्हा माझ्या पायांना सुतळी बांधून किल्ल्या टांगल्या. पहारेकरी बघतच राहिला. मग त्याने काठी भिंतीला टेकवली आणि खुर्ची आणून माझ्याजवळ बसला. किल्ल्यांची राखण करायला!

सकाळी साहेब तणतणत आले. “तुमचा पुढारी कोण?”

“झोप, साहेब,” टँकरवाला म्हणाला. सगळे खो खो हसले.

साहेबांनी दंडाची धमकी दिली, पहारेकऱ्याला घरी पाठवण्याची धमकी दिली. तरी रोज संध्याकाळी माझ्या अंगावर किल्ल्या लटकतच राहिल्या. कोण कोणाला उठवणार? पावसाळा आला आणि सरला, तेव्हा कुठे वरून नवा हुकूम आला. ‘थकलेल्या चालकांनी येथे झोपावे. इंजिन बंद ठेवावे. हॉर्न वाजवू नये.’ माझ्यावर ही अक्षरं चढली त्या दिवशी ताईचा भाऊ मुद्दाम आला होता. त्याने डाव्या हाताने मला थोपटलं.

मित्रांनो, रस्त्याकडेच्या गाडीत कोणी झोपलेलं दिसलं, तर काच वाजवू नका, आरडाओरडा करू नका. तो माणूस आळशी नाही. तो जागा होऊन निघेल, तेव्हा त्याच रस्त्यावर तुमचीही गाडी असेल.

आता मी म्हातारा झालो आहे. माझा पत्रा जागोजागी गंजला आहे. जुना हुकूम परत आणायचं काहींच्या मनात आहे, असं कानावर येतं. आणू देत. रंगाऱ्याला डबा घेऊन खुशाल पाठवू देत. गंजलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, आणि मी तर पुरता गंजलो आहे.