लोला ब्रिजिदाची सुरी

मी एक जुनी सुरी आहे. सुरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कांदा येतो, नाहीतर खून. मित्रांनो, माझ्या कामाच्या वर्षांत मी कांदा कधी चिरला नाही. खुनाचं मात्र मला छातीठोकपणे सांगता येत नाही. सगळं ऐका आणि तुम्हीच ठरवा.

माझा जन्म फिलिपीन्समधल्या दावाओजवळ, कालिनानच्या बाजारात, एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. डोंगरातले ओंडके खाली आणणारा एक ट्रक भंगारात निघाला होता. त्याच्या कमानपाट्याचा तुकडा लोहाराने तापवला, ठोकला, घासला, त्याला रेड्याच्या शिंगाची मूठ बसवली आणि मी झाले. म्हणजे ज्या झाडांच्या अंगावर ऑर्किड वाढतात तीच झाडं मी मागच्या जन्मी वाहून आणली होती. सुरुवात काही फार पुण्याची नव्हती.

मला घेतलं ब्रिजिदाने. ती सुईण होती. निम्म्या कालिनानच्या नाळा तिने कापल्या होत्या, म्हणून केस काळे असल्यापासूनच सगळे तिला लोला म्हणजे आजी म्हणत. नाळेची कात्री वेगळी होती; मला तिने ऑर्किडांसाठी ठेवलं. ऑर्किड मंडळही तिनेच काढलं. बावीस घरं होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की पाळीपाळीने एकेकाच्या अंगणात सभा भरे. सभा म्हणजे निम्मा वेळ खाणं आणि उरलेला वेळ एकमेकांच्या झाडांना नावं ठेवणं.

"हे फूल आहे की वाळत घातलेलं फडकं?" असं कुणी म्हणालं की मालकीण भाताचं पातेलं पुढे ढकलत म्हणे, "तुझ्याकडे तर फडकंसुद्धा नाही. जेव गुमान."

मे महिन्यातली सभा वाटपाची असे. त्या दिवशी ज्याचं झाड मोठं झालं असेल तो ते घेऊन येई. टेबलावर शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची, मूर्ती ठेवत. लोला झाडाचे तुकडे करी. एक तुकडा मालकाचा, बाकीचे ज्यांच्याकडे ते झाड नाही त्यांचे. अशी एकाच झाडाची मुलंबाळं दहा-दहा घरांत नांदत. लोलाने कापलेलं झाड कधी सुकलं नाही. तिचा हातगुणच तसा, असं लोक म्हणत.

हातगुणाचं खरं काय ते मला ठाऊक आहे. प्रत्येक झाडानंतर लोला मला छोट्या दिव्याच्या ज्योतीवर आडवी धरी आणि ओठ हलवत वीसपर्यंत मोजे. मग निवू देई आणि मग दुसऱ्या झाडाला लावी. सुईणपणाची सवय ती. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये, एवढंच तिचं शास्त्र. मला त्या चटक्याचा राग येई, खोटं कशाला सांगू. पण प्रत्येक वेळी मी स्वच्छ होऊन निघे.

मंडळात तिबुर्सियो नावाचा एक जीप चालवणारा होता. धिप्पाड, प्रेमळ, सगळ्यांचा नोंग, म्हणजे दादा. तो लोलाचा उजवा हात. एकदा त्याने विचारलं होतं, "लोला, दिव्यापुढे सुरी धरून एवढं काय पुटपुटता?"

"तुझ्या नावानं बोटं मोडतेय," लोला म्हणाली. "दोन्ही हात अडकलेत, म्हणून तोंडानं मोडतेय."

सगळे खो खो हसले. तिबुर्सियोही हसला. आणि ते विचारणं तिथेच राहिलं. त्या हसण्याइतकं महाग हसणं मी दुसरं ऐकलं नाही.

लोलाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती ऐंशीची होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिची मुलगी सालोमे दूर जेद्दाच्या इस्पितळात नर्स होती, तिला लगेच येता आलं नाही. वाटपाची सभा आली तेव्हा मंडळाने लोलाला चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं आणि मला तिबुर्सियोच्या हातात दिलं.

त्याने सगळं लोलासारखं करायचं ठरवलं होतं. टेबल तेच, मूर्ती तीच. दिव्याऐवजी मोठी मेणबत्ती आणली आणि ती मान देऊन सान इसिद्रोच्या पायाशी ठेवली. पहिलं झाड कापलं, मला फडक्याला पुसलं, छातीशी धरलं, डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि दुसऱ्या झाडाला लावलं. ज्योतीवर धरायचं तेवढं राहून गेलं.

ते पहिलं झाड बाजारातून आणलेलं जांभळं कॅटलिया होतं. दिसायला राजबिंडं. पण त्याच्या पानांत काळपट चरे होते आणि त्याचा रस माझ्या पात्याला चिकटला तसा मला तो आजारी लागला. तोच रस घेऊन मी दुसऱ्या झाडात शिरले, मग तिसऱ्यात, मग अकराव्यात.

लोला खुर्चीचा दांडा डाव्या हाताने बडवू लागली. घशातून आवाज काढू लागली. मेणबत्तीकडे बोट करू लागली.

"बघा, तिला भरून आलंय," कुणीतरी म्हणालं.

"मेणबत्ती जवळ सरकवा. मूर्ती नीट दिसत नसेल तिला," दुसरं म्हणालं.

मेणबत्ती मूर्तीच्या आणखी जवळ सरकवली गेली. लोलाला पाणी पाजलं, पदराने वारा घालावा तशी टोपीने हवा घातली. ती रडत होती आणि सगळे प्रेमाने तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला जीभ असती तर त्या दिवशी मी किंचाळले असते. आठ महिन्यांनी ती गेली. तोवर मंडळात एक म्हण पडून गेली होती, की लोलाचा हातगुण तिच्या सुरीत उतरलाय. मग तर घरच्या सुऱ्या लोकांनी बाजूला टाकल्या. पानाचं टोक कापायचं असलं तरी माणसं माझ्याकडे येऊ लागली.

आता लोरेंगचं सांगायला हवं, कारण माझी खरी गोष्ट तिचीच आहे.

लोरेंग शाळेबाहेर तळलेली केळी विकायची. तिच्याकडे ऑर्किड एकच, वालिंग-वालिंग. पण ते बघायला बाकीची एकवीस घरं जायची. तिच्या नवऱ्याने, अंबोने, डोंगरात पाडलेल्या एका झाडावरून ते सोडवलं होतं आणि अंगातल्या सदऱ्यात गुंडाळून दोन दिवस चालत घरी आणलं होतं. अंबो जाऊन अकरा वर्षं झाली. दर ऑगस्टमध्ये ते झाड गुलाबी-तपकिरी फुलांनी भरे आणि लोरेंग त्याच्याखाली बसून त्याला घरातल्या बातम्या सांगे. कुणाला बाळ झालं, कुणाचं छप्पर उडालं. मूल नव्हतं तिला. अंबोच्या हातचं म्हणावं असं जगात तेवढंच उरलं होतं. वाटपात तिने ते कधी आणलं नाही आणि तिला कुणी बोललंही नाही.

पण झाड उंच गेलं. खालची पानं गळून नुसती काठी राहिली, बुडाची मुळं कुजली. तिबुर्सियो तिला दाय, म्हणजे ताई, म्हणे. तो तिच्या मागे लागला.

"दाय, वरचा शेंडा मुळांसकट कापून नवा लावू. नाहीतर एका वादळात मोडेल."

"माझीपण कंबर मोडलीय. मला कापता का, नोंग?"

"तुला सुरी नाही पुरायची. करवत लागेल."

ती हसली. मग तिने झाडाकडे बघितलं. "दुसऱ्या कुणाच्या सुरीनं नको," ती म्हणाली. "लोलाच्याच सुरीनं कापा. मी सांगते तेव्हाच कापायचं."

माझ्यावर विश्वास ठेवून तिने ते झाड आणलं, हे लक्षात ठेवा. त्या मे महिन्यात तिबुर्सियोने आधी सात झाडं कापली होती. त्यांतली पाच आजारी होती. तोवर मंडळातल्या बऱ्याच घरी फुलं चार दिवसांत काळी पडत होती. कुणी केळीच्या बागेतल्या औषधाच्या फवारणीला दोष देई, कुणी शेजारणीच्या नजरेला. मला कुणी दोष दिला नाही. तिबुर्सियोने मला पुसलं, मनापासून प्रार्थना म्हटली, लोरेंगने मान हलवली. मी त्या खोडातून गेले. इतका मऊ, निरोगी गाभा मी कधी कापला नव्हता. मला वाटलं, मी इथेच तुटावं. पण ट्रकचं लोखंड असं सहजी तुटत नाही.

पुढच्या ऑगस्टला फुलं आली ती चट्ट्याचट्ट्यांची. रंग फाटल्यासारखा. आठवड्यात सगळी काळी. लोरेंगने कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, कापू दिलं म्हणून अंबो रागावला.

त्यानंतरच्या मे महिन्यात सालोमे कायमची परत आली. आईच्या मंडळाची सभा म्हणून कौतुकाने पुढच्याच बाकावर येऊन बसली. तिबुर्सियोने एक झाड कापलं, मला पुसलं, डोळे मिटले आणि दुसरं झाड उचललं.

"नोंग, सुरी तापवायची राहिली," सालोमे म्हणाली.

"तापवायची कशाला? इस्त्री आहे का ही?"

"आई तापवायची."

"ती प्रार्थना म्हणायची गं. आम्ही वीस-वीस वर्षं बघितलंय."

"मोजायची, नोंग. वीसपर्यंत. बाळंतपणाची कात्रीसुद्धा अशीच मोजून तापवायची. लहानपणी आकडे मी तिथेच शिकले."

तिबुर्सियोने मला टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. मागच्या बाकावरून लोरेंगने विचारलं, "म्हणजे अंबो रागावला नव्हता?"

पानं शेतकी कॉलेजात पाठवली. उत्तर आलं, की हा विषाणू आहे, कापणाऱ्या हत्यारातून पसरतो, याला औषध नाही. बावीसपैकी सतरा घरांत तो पोचला होता. जिथे जिथे मंडळाचं प्रेम पोचलं तिथे तिथे तोही पोचला होता.

तिबुर्सियोच्या परसात खड्डा खणला. माणसं आपापली झाडं घेऊन आली, ठेवून निमूट बाजूला उभी राहिली. एकमेकांच्या झाडांना कुणी नावं ठेवली नाहीत. शेवटी लोरेंग आली. शेंडा आणि बुडखा दोन्ही घेऊन. शेंड्याला एक कळी होती.

तिबुर्सियो तिला आडवा गेला. "दाय, तू हे ठेव. एकटं टांगून ठेव, सुरी लावू नको. सालोमेला विचारलंय मी, कुणाला काही व्हायचं नाही."

"आणि मी मेल्यावर?" लोरेंग म्हणाली. "कुणीतरी सुंदर आहे म्हणून उचलेल. आणि मग तुकडे करून वाटेल. आपलं मंडळ वाटायला कधी चुकलंय का?"

तिने ते खड्ड्यात टाकलं नाही. खाली उतरून, जागा करून, नीट ठेवलं. वर येताना हात तिबुर्सियोनेच दिला आणि तिने तो घेतला. मग ती म्हणाली, "रविवारी सभा माझ्याकडे आहे. पाळी माझी आहे. सगळ्यांनी यायचं."

सगळे आले. फणसाच्या झाडाला जिथे वालिंग-वालिंग टांगलेलं असे तिथे तार तेवढी लोंबत होती. कुणी तिकडे बघत नव्हतं. तिबुर्सियोने मला वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. त्याने ते पुडकं लोरेंगपुढे ठेवलं.

"हिचं काय करायचं ते तूच ठरव," तो म्हणाला. "नदीत टाक म्हणालीस तर टाकतो. आणि माझं काय करायचं तेही."

लोरेंगने मला बाहेर काढलं. पात्यावर अंगठा फिरवला. मी त्या अंगठ्याखाली मेल्यासारखी पडून होते. मग तिने मला घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं आणि केळीच्या पानावरच्या गरम बिबिंकाच्या, तांदळाच्या त्या जाड केकच्या, बावीस वड्या पाडल्या. पहिली तिबुर्सियोला दिली. वडी हातात धरून तो एवढा मोठा माणूस हुंदके देऊ लागला.

"खा, नोंग," लोरेंग म्हणाली. "गार होतंय."

तेव्हापासून मी तिच्या स्वयंपाकघरात आहे. तिच्या अंगणात आता ऑर्किड नाही. कुणी रोप देऊ केलं तर ती नको म्हणते. सभेला मात्र चुकत नाही. मी केळी सोलते आणि जमेल तशी जगते.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, तापवा, हे मी तुम्हाला सांगणारच होते. सुरीने तेवढं सांगायलाच हवं. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस एखादं काम वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने करत असेल, तर ते तसं का करतं हे त्याला विचारा. नुसतं बघून शिकू नका; बघून शिकणारे माझ्या तिबुर्सियोइतके चांगले असले तरी चुकतात. म्हातारी माणसं पटकन सांगत नाहीत. थट्टा करतील, तुम्हाला हसवतील, विषय उडवून लावतील. हसून घ्या. आणि त्यांची वाचा शाबूत आहे तोवर पुन्हा विचारा.