ओढ्यातली दगडी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी दगडी घंटा आहे. इथिओपियातल्या लास्ताच्या डोंगरात एका कारागिराने सपाट शिळेतून मला घडवले, दोन भोके पाडली आणि चर्चच्या अंगणातल्या झाडाला टांगले. गोट्याने ठोकले की मी अशी खणखणायची, की पलीकडच्या उतारावरचे गुराखीसुद्धा हात जोडत.

एका पावसाळ्यात फांदी मोडली आणि मी गडगडत ओढ्यात गेले. थोडी शोधाशोध झाली. मग शहरातून लोखंडी घंटा आली आणि मला सगळे विसरले.

पुष्कळ वर्षांनी अल्गानेश लग्न होऊन गावात आली. तिने मला धुण्याचा दगड केले. रोज ती आधी मला घासायची, मग कपडे. धुता धुता सासूच्या तक्रारी सांगायची, गाणी म्हणायची. मला करमू लागले.

मग एका पुरात माझ्याखालची वाळू वाहून गेली आणि मी दोन दगडांवर अधांतरी राहिले. अल्गानेशने घोंगडी धोपटली आणि मी वाजले! वाटेने जाणारे म्हातारे पुजारी अब्बा गेब्रे जागीच थांबले. लहानपणी ऐकलेला आवाज त्यांनी ओळखला.

मला वाजतगाजत वर नेले. पण अल्गानेशने पवित्र दगड बाटवला, अशी कुजबुज सुरू झाली. बिचारी चर्चला येईनाशी झाली. मला पुन्हा पवित्र करण्याच्या विधीच्या दिवशी अब्बांनी तिला मुद्दाम बोलावले, तर ती फाटकाबाहेरच उभी राहिली.

"अब्बा, त्याच्यावर मी पोराची दुपटीसुद्धा धुतलीत," ती म्हणाली. "काय मंत्र म्हणायचे ते म्हणा. मी इथूनच ऐकते."

"दुपटी धुऊन काय बाटतं, पोरी?" अब्बा म्हणाले. "हिला चिखलात टाकून आम्ही विसरलो. मंत्र त्यासाठी आहेत. ये आत, पाणी तूच घाल."

अल्गानेशने आत येऊन माझ्यावर पाणी ओतले. अब्बांनी तेल लावले आणि जुन्या गीझ भाषेत प्रार्थना म्हटली. ती फारशी कुणाला कळली नाही. पण 'किद्दुस' म्हणजे पवित्र, हे सगळ्यांना ठाऊक होते. "किद्दुस, किद्दुस, किद्दुस," सगळे म्हणाले. कुजबुजणाऱ्या बायकांचा आवाज तर सर्वांत मोठा होता.

"ते झालं, पण आता आम्ही धुणं कशावर धुवायचं?" अल्गानेशच्या सासूबाईंनी विचारले. अंगणभर हशा पिकला. त्याच दुपारी तरुणांनी एक छानसा सपाट दगड ओढ्यावर नेऊन ठेवला.

मित्रांनो, हरवलेले काही सापडले तर त्याला जरूर मानाने घरी न्या. पण इतकी वर्षे ज्याने ते घासूनपुसून ठेवले, त्याला फाटकाबाहेर उभे करू नका.