चौदाव्या ओळीतला सापळा

“माझ्या कागदांना कुणीतरी हात लावलाय,” मी म्हणालो.

बायको कपडे वाळत घालत होती. “झालं सुरू! मागच्या महिन्यात छत्री चोरली होती म्हणे. ती कपाटामागे सापडली.”

“छत्री वेगळी. हे माझं संगीत आहे.”

सव्वीस वर्षं मी वाद्यवृंदात डबल बेस वाजवतोय. वाद्य माणसापेक्षा उंच, पण काम मागे उभं राहून दुसऱ्यांच्या सुरांना टेकू द्यायचं. एकट्या डबल बेससाठी आमच्याकडे कुणी काही लिहीत नाही, म्हणून मीच लिहायला घेतलं. वार्षिक मैफलीत ते वाजवणार होतो. कागद तालमीच्या खोलीत, वाद्याच्या खोळीच्या खिशात असायचे. आणि आता सुरांच्या डोक्यावर पेन्सिलीने बोटांचे आकडे, म्हणजे तार कोणत्या बोटाने दाबायची ते, लिहिलेले दिसत होते. म्हणजे कुणीतरी माझी रचना चोरून बसवत होतं.

मनात पाल चुकचुकली. खोलीची किल्ली दोघांकडेच होती, माझ्याकडे आणि मौनीबाबांकडे. मौनीबाबा म्हणजे माझ्या शेजारी, एकाच स्टँडवरच्या कागदांवरून डबल बेस वाजवणारे, वृंदातले सर्वांत जुने वादक. दिवसाला चार वाक्यं बोलले तर खूप. अशी माणसं दिसतात तेवढी साधी नसतात.

मी चौदाव्या ओळीत मुद्दाम एक चुकीचा सूर लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पेन्सिलीने दुरुस्त केलेला होता!

तालमीत मी सगळ्यांसमोर विचारलं, “माझी रचना स्वतःच्या नावावर खपवणार होता का?”

“कागद बघितले, हे खरं,” मौनीबाबा म्हणाले. “विचारायला हवं होतं.”

“मग का बघितले?”

ते क्षणभर माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिले. “इथे नको.”

“इथेच सांगा!”

त्यांनी किल्ली स्टँडवर ठेवली आणि वाद्य उचललं. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्याच दुपारी राजीनामा देऊन गेले.

घरी येऊन मी ते आकडे खोडायला बसलो. दोन पानं कोरी केली. तिसऱ्यावर हात थांबला. एक, दोन, तीन. पुन्हा एक. चार कुठेच नव्हता. चार म्हणजे करंगळी.

माझी डावी करंगळी दोन वर्षांपासून आखडली आहे. काढून टाकतील या भीतीने मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मौनीबाबांनी प्रत्येक अवघड जागी करंगळीवाचून वाट काढून दिली होती.

“सापडला का चोर?” बायकोने आतून विचारलं.

मी खोडलेलं पान खिडकीशी तिरकं धरलं होतं. पेन्सिलीचा ठसा कागदावर अजून दिसत होता. त्यावरून मी एकेक आकडा पुन्हा गिरवत होतो.