रुमालाखालचा सौदा

या, असे जवळ सरकून बसा. टाळ मांडीवर राहू द्या. बुवा उभे राहायला अजून अवकाश आहे. तोवर एका माणसाची गोष्ट सांगतो. तिच्यात मीही आहे, आणि मी काही फार बरा माणूस म्हणून नाही. तरी देवासमोर सांगायची ती हीच.

कारंज्याला बाबूलाल सेठच्या आवारात आम्ही तिघे उभे होतो. आमच्या गावचे पंच बबनराव पाटील, मी शालिग्राम, आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा लखीराम. समोर दोन जीपगाड्या. लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या, दोन-चार हातांतून फिरून सेठकडे आलेल्या. एक हिरवीगार, ताज्या रंगाची. दुसरीचं कपाळ पोचलेलं, रंग उडालेला, बसायच्या जागेवर गोणपाट.

बबनराव हिरवीभोवती फिरले. बैल घेताना फिरावं तसेच. चाकाला खुरासारखं ठोकलं, दिव्यांत वाकून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला.

"जनावर चोख हाये," ते म्हणाले. "कुठी डाग नाई."

लखीराम तोवर पाठीवर झोपून गाडीखाली शिरला होता. लढाईत त्याने ब्रह्मदेशात असल्या गाड्या हाकल्या होत्या. परत येऊन बापाचा बैलांचा धंदा धरला होता. खालूनच त्याचा आवाज आला, "पाटील, हे नोका घेऊ. इच्या पुढच्या चाकाले जोर देनारा दांडाच काढून टाकला. पेट्रोल वाचवाले काढतेत लोकं. चिखलात हे आपल्या बैलबंडीसारखीच बसन."

"आन् थे दुसरी?"

"थिचं सारं जागच्या जागी हाये. दोन्हीच्या खाली येऊन पाहा ना."

बबनरावांचं धोतर कोरं होतं. ते वाकले नाहीत. मी आडवा झालो. एकीखाली पाहिलं, दुसरीखाली पाहिलं. दांडे, नळ्या, काळं तेल. काय आहे नि काय नाही, मला कशातलं काही कळलं नाही. पण उठून कळल्यासारखी मान हलवली.

गाडी कशाला हवी होती ते सांगतो. आदल्या श्रावणात माझी बहीण पंचफुला माहेरी बाळंतपणाला आली होती. अडली. कामरगावच्या अलीकडच्या नाल्यात आमची बंडी आसापर्यंत रुतली. चार बैल जुंपले, माणसं लागली. बंडी निघाली, पण तेव्हा दवाखान्याची घाई उरली नव्हती. त्यानंतरच्या सप्त्यात कीर्तनकारबुवा म्हणाले, "विठ्ठल बिनकळसाच्या देवळातही उभा राहील, बाबांनो. आधी लेकी वाचवा." कळसासाठी जमवलेला पैसा त्या रात्री गाडीला द्यायचं ठरलं. आणि गाडी घेतली त्या चैत्रात माझी रुख्मिणी पोटुशी होती. दिवस भरणार होते भादव्यात, ऐन चिखलात.

तर सेठ पोचलेल्या गाडीचे हिरवीपेक्षा जास्त मागू लागला. बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. "भंगाराले जादा मोल. पाह्यलं काय, शालिग्राम?"

लखीराम पुढे झाला. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, सेठच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. गुरांच्या बाजारात होतो तसा सौदा. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. तोंडाने आकडा नाही. आणि खाली जे ठरलं ते दोघांतच राहायचं. तांड्यावर ही आण देवाच्या आणेसारखी मानतात. रुमाल बराच वेळ हलला. सेठने एकदा मान नाही म्हणून हलवली. लखीरामने पुन्हा बोटं दाबली. मग सेठ हसला.

"घेऊन जा. तुमच्या कळसाचा पैसा आहे तेवढ्यात."

"इतकं कसं उतरलं रे?" बबनरावांनी विचारलं.

"सौदा झाला, पाटील," लखीराम रुमाल झटकत म्हणाला.

"थे दिसलं. काय झाला थे सांग ना."

"थे सांगत नसतेत."

तिथेच आमच्या मनात पाल चुकचुकली. गाडीत मागे बसून बबनराव माझ्या कानाशी लागले, "दोन्हीकडून खाल्लं यानं. हिरवी सेठनं सोताले ठेवली, भंगार आपल्या गळ्यात." मी हो म्हणालो. पुढे लखीराम गाडी हाकत होता. त्याला ऐकू गेलं असेल का, हे मी पुढे कितीदा स्वतःला विचारलं आहे.

मग दर सोमवारी तो पहाटे उठून पायी कारंज्याला जाऊ लागला. सात कोस. गाडी नेत नसे. ती अडीनडीसाठी, म्हणे. रात्री उशिरा परते, कपड्यांना तेलाचा वास.

"काहून जातं रे?" मी एकदा पारावर हटकलं.

"काम हाये, भाऊ."

"हप्ता घ्याले जाते," तो गेल्यावर बबनराव म्हणाले. लोक हसले. मीही हसलो.

ज्येष्ठात एका सोमवारचा गेलेला तो दोन दिवसांनी आला. उजव्या हाताला फडकं. अंगठ्याजवळची दोन बोटं नव्हती. "यंत्रात गेली," एवढंच म्हणाला. जखम भरल्यावरच्या एकादशीला भजनात तो नेहमीसारखा खांबाला टेकून बसला आणि टाळी वाजवू लागला. शंभर हातांत त्याची टाळी वेगळी, बोदी वाजत होती. मी शेजाऱ्याकडे झुकलो नि म्हणालो, "देवानं हिशेब केला."

टाळ हातात धरून म्हणालो हे. विसरत नाही.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल लागले होते. लखीरामने जीपही धुऊन रांगेच्या टोकाला उभी केली होती, पुढच्या पोचलेल्या कपाळावर बेगड चिकटवलेलं. माणसं थट्टा करत होती, "इले पुरनपोळी चारा बाप्पा." तेवढ्यात घरून निरोप आला. रुख्मिणीला कळा लागल्या होत्या, दिवसांच्या आधी, आणि सुईणीने हात टेकले होते.

पोळ्याला आमच्याकडे बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. ठेवलं असतं तरी आठ दिवसांच्या पावसाने नाला पंचफुलाच्या वेळेसारखाच झाला होता.

रुख्मिणीला जीपमध्ये मागे गोधडीवर निजवलं, मी तिच्या उशाशी बसलो. नाल्यात उतरलो नि गाडी थांबली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखल माझ्या तोंडावर उडाला. ती जागाही तीच होती. माझ्या मनातलं सगळं साचलेलं तोंडाला आलं.

"लखीराम, आता तरी खरं सांग. पुढची चाकं फिरतेत का नाई? का फसवलं आमाले?"

त्याने मागे पाहिलं नाही. गिअरच्या दांड्याजवळ पुढच्या चाकांना जोर देणारी एक आखूड दांडी होती, तिच्यावर त्याचा तुटका हात पडला, घसरला, पुन्हा पडला, पुन्हा घसरला.

"भाऊ," तो म्हणाला, "माह्या हातावर हात ठेव. दोन बोटाचा जोर कमी पडून राह्यला."

मी पुढे वाकून त्याच्या हातावर हात दाबला. बोटं जिथे असायला हवी होती तिथे माझ्या पंज्याला काही लागलं नाही. दोघांनी ओढलं. खाली काहीतरी खट्ट झालं, पुढची चाकं चिखलाला लागली, आणि गाडी एखाद्या जाणत्या बैलासारखी मान खाली घालून नाल्याच्या वर चढली.

उन्हं कलायच्या आत कारंज्याला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी चहा आणायला बाहेर पडलो तर समोर बाबूलाल सेठ.

"लखीरामला सांगा, आता सोमवारचं येऊ नको," तो म्हणाला. "माझ्या गाड्या दुरुस्त करायला वर्षभर फुकट येईन, असं रुमालाखाली ठरलं होतं. त्यावर सोडली मी ती जीप. पण त्या दिवशी गिअरची पेटी त्याच्या हातावर बसली. मी तेव्हाच म्हटलं, सौदा मोडू. तो ऐकत नाही."

"आमाले बोलला नाई तो."

"तो कसा बोलेल? त्याची आण आहे. मी बनिया आहे, मला बोलता येतं."

लखीराम दवाखान्याच्या हौदावर जीपचा चिखल धूत होता. मी जाऊन त्याचे पाय धरले. तो मागे सरला.

"पाय सोड, भाऊ. चिखल हाये. वैनी कशी हाये?"

"बरी हाये. मी तुले काय काय बोललो, लखीराम—"

"ऐकलं म्या," तो म्हणाला. "थे फडकं दे इकडं."

फडकं घेऊन तो पुन्हा चाकाशी बसला.

पुढे गुरांच्या बाजारात तो कधी सौद्याला बसला नाही. रुमालाखाली बोटंच बोलतात, आणि त्याची मुकी झाली होती. बाजूला उभा राहून बैलांचे दात पाहून वय सांगायचा. गाडी मात्र शेवटपर्यंत त्यानेच हाकली. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. देवळावर कळस अजून नाही.

बुवा उठले पाहा. आता गजर होईल, सगळे हात वर जातील. टाळी वाजवताना तुमची दहाही बोटं जुळली की त्या खांबाकडे एकदा पाहा, आणि आमच्या लखीरामची आठवण काढा.