मुंगूसमावशीचा होकार

शाइस्तानं भुवई उडवली की पडद्यावरच्या मुंगूसमावशीची भुवई उडायची. शाइस्ता हसली की मावशीचे अणकुचीदार दात दिसायचे. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या गाडीत ती लॅपटॉपसमोर बसायची. कॅमेरा तिचा चेहरा टिपायचा आणि त्याच क्षणी आत, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधाऱ्या केलेल्या वर्गात, मावशी तसंच तोंड करायची. मुलांचं बोलणं शाइस्ताला हेडफोनमधून ऐकू यायचं. गाडीत कोणी बसलंय हे मुलांना ठाऊक नसायचं. त्यांच्या लेखी मावशी जिवंत होती.

शाइस्ता अकोल्याच्या जुन्या शहरातली. अमरावतीच्या एका संस्थेनं तिला याच कामासाठी घेतलं होतं. कापसानं लागोपाठ दगा दिलेल्या गावांतली लेकरं मोठ्यांपुढे तोंड उघडत नाहीत, मुंगसापुढे उघडतील, असा संस्थेचा होरा होता, आणि तो खराही ठरला. "मावशे, तू साप कच्चाच खाते का?" इथून सुरुवात व्हायची. मग हळूच कोणी सांगायचं, आमच्या घरी आजकाल कोणी कोणाशी बोलत नाही.

दर्यापूरजवळच्या एका गावात मात्र घात झाला.

त्या दुपारी बहिणीच्या साखरपुड्याची खरेदी चालली होती. ती बहीण, गुलनार, दुकानातून ओढण्यांचे फोटो पाठवत होती, हिरवी घेऊ की जांभळी? मोबाइल शाइस्ताच्या मांडीवर होता. हेडफोनमध्ये एका मुलीचा बारीक आवाज काहीतरी सांगत होता. शाइस्तानं खाली पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. आवाज थांबला. मग त्या मुलीचं "बरं" एवढंच ऐकू आलं.

"आणखी कोणाले काही विचारायचं हाये का?" तिनं मावशीच्या किनऱ्या आवाजात विचारलं आणि कार्यक्रम पुढे नेला.

गावातून निघाल्यावर धर्मेंद्र गाडी चालवत होता. वर्गात माइक घेऊन मुलांमध्ये फिरायचं काम त्याचं. तो म्हणाला, "त्या पोरीले हो काहून म्हटलं तू?"

"कोणाले? मी काय बोललीच नाई."

"मावशीनं मान हलवली ना. दोनदा. पोरगी म्हणे, म्या रागानं बाबाले म्हटलं, जा कुठीबी. म्हणून गेले का ते? अन् मावशी हो म्हणाली."

"मी मोबाइल पाहून राहिली होती," ती म्हणाली. "गाडी फिरव."

"अंजनगावले शाळेचे सर वाट पाहून राहिले. अन् लेकरं विसरतात वं."

तिनं पुन्हा म्हटलं असतं तर त्यानं गाडी फिरवली असती. ती पुन्हा म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी अंजनगावच्या शाळेत मावशी साप खाण्याच्या गोष्टी सांगत होती, पण तिचं तोंड काही केल्या हसेना. मुलं विचारू लागली, मावशीले बरं नाई का?

रविवारी शाइस्ता एकटीच दर्यापूरहून जीपनं त्या गावी गेली. मुलीचं नाव मोनाली. घर गावाबाहेर, विहिरीजवळच्या झेंडूच्या वावराला लागून. तिची आई सत्यभामा ओसरीवर फुलं निवडत होती. नवरा, सहदेव, सुरतेला कामाला गेला होता. आधी फोन यायचा, मग तोही थांबला.

"शाळेत मुंगूस दाखवते थे तुमीच का?" सत्यभामानं वर न पाहताच विचारलं. "पोट्टी धड जेवून नाई राहिली. विचारलं तं म्हणते, मुंगसानं सांगतलं. काय सांगतलं, थे नाई बोलत."

"थे मुंगूस मीच होय, ताई," शाइस्ता म्हणाली आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

दाराआडून मोनाली ऐकत होती. "खोटं," ती म्हणाली.

शाइस्तानं मावशीचा आवाज काढला. मुलीचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला.

"मंग म्या विचारलं तवा तुमी काय करून राहिल्या होत्या?"

"मोबाइल पाहत होती. तुझं ऐकलंच नाई मी."

"म्या दुसऱ्या कोणालेच नवतं विचारलं," मोनाली म्हणाली. "आईलेबी नाई."

सत्यभामाच्या हातातली फुलं सुपात पडली.

"अवं बाई, तुह्या बाबाचं तं दसऱ्यालेच ठरलं होतं. ठेकेदार घरी येऊन गेला होता. तू रडशीन म्हणून तुले सांगतलं नाई आमी."

"तुमीबी नाई सांगतलं," मोनाली आईला म्हणाली. आईनं तिला जवळ ओढलं. ती आली, पण अंग आखडूनच. मग तिथूनच शाइस्ताकडे पाहत म्हणाली, "आता सांगा. मावशीच्या आवाजात नोका सांगू."

"तुझ्या बोलण्यानं नाही गेले ते," शाइस्ता म्हणाली. एवढं एकच वाक्य, स्वतःच्या आवाजात.

मोनालीचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. ती जेवायला लागल्याचं सत्यभामानं पुढे फोनवर सांगितलं. सहदेवचा मात्र अजून पत्ता नव्हता.

यानंतर प्रत्येक शाळेत शाइस्ता आधी वर्गात जाऊन उभी राहू लागली. मावशीच्या तोंडून मीच बोलते, माझंही चुकू शकतं, असं सांगू लागली. संस्थेतल्या सरांना ते पटलं नाही. मुलं तरीही हसत, सापाचं विचारत. घरातलं, मनातलं मात्र आता क्वचितच कोणी बोले. त्याचं तिला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटतं याचीच तिला लाज वाटायची.